खिडक्या कोणी मांडायच्या?

लिनक्स किंवा बीएसडीच्या पडद्यावर खिडकी कुठे उघडावी, तिला चौकट असावी की नसावी, हे ठरवण्याचा हक्क वापरणाऱ्याचा आहे आणि तो जपायला हवा. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टीमने हा हक्क रचनेतच रुजवला: पडद्यावर रेखाटण्याची साधने सर्व्हरने द्यायची, मांडणीचे नियम मात्र विंडो मॅनेजर या वेगळ्या प्रोग्रामने ठरवायचे. त्यामुळे बाकी काही न हलवता तो बदलता येतो आणि एकटा प्रोग्रामर नवा लिहूही शकतो. २००६ च्या डीडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरने स्वतःवर २००० ओळींची मर्यादा घालून घेतली. त्याची घडण बदलायची तर सी भाषेतली फाइल बदलून तो पुन्हा कंपाइल करायचा. आयथ्री या दुसऱ्या विंडो मॅनेजरला साधी मजकुराची फाइल पुरते. विंडो मॅनेजर निवडताना देखणेपणाआधी आपले हात कीबोर्डवर जास्त असतात की माउसवर, हे पाहावे. एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडमध्ये मात्र डिस्प्ले सर्व्हर आणि विंडो मॅनेजर ही दोन्ही कामे कंपोझिटर या एकाच प्रोग्रामकडे आली. एका प्रोग्रामला दुसऱ्यात टाइप केलेले चोरून वाचता येत नाही, ही सुरक्षितता मोलाचीच. पण नवा कंपोझिटर लिहू पाहणाऱ्याचे काम कितीतरी वाढले. डब्ल्यूएलरूट्स ही लायब्ररी त्यातला मोठा भार उचलते. स्वे हा कंपोझिटर तिच्यावरच उभा आहे. अशा सामायिक पायाला वेळ आणि पैसा मिळायलाच हवा, नाहीतर मांडणी ठरवण्याची ताकद मोजक्या मोठ्या प्रकल्पांच्याच हाती उरेल.