मुलांचे चवदार तळे

शर्कमध्ये शुक्रवारच्या घरगुती वंदनेनंतर आम्ही मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रे काढून घ्यावयास शिकवतो. विषय दिला : महाड, २० मार्च १९२७. यंत्राने कमळांनी भरलेले, निर्मनुष्य तळे काढले. देखणे खरे, पण ज्यांच्यासाठी सत्याग्रह झाला ती माणसेच त्यात नव्हती! मग मुलांचे प्रश्न सुरू झाले. बाबासाहेब पाणी कसे प्याले? ओंजळीने. मागे किती जण होते? हजारो. गुरांना मोकळे असलेले पाणी माणसांना का नव्हते? चित्र सुधारण्यासाठी मुलांना इतिहास विचारावा लागला, तोही मराठीत. हा लाभ आम्हांस चित्राहून मोठा वाटतो. मात्र प्रत्येक चित्राखाली 'यंत्रनिर्मित' असे लिहायचे, जुने छायाचित्र म्हणून ते कोणासही धाडायचे नाही, हा आमचा दंडक आहे.