नंबर वाचा, पण माल मोजून घ्या

कापडाच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट लवकर शिकतो. थानाच्या किनारीवर कितीही नामांकित मिलचा छाप असो, काउंट आणि रीड-पिक तपासल्याशिवाय भाव ठरवायचा नसतो. आपले अनेक बांधव गॅरेज, लेथ आणि जुन्या स्पेअर पार्टच्या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठी आज आम्ही इंजिनाच्या सिलिंडर हेडबद्दल चार शब्द लिहीत आहोत. उदाहरण अमेरिकेचे आहे, पण हिशेब सगळीकडे तोच आहे.

शेव्हरोलेट कंपनीने १९५५ साली 'स्मॉल ब्लॉक' हे व्ही-८ इंजिन आणले. त्याची मूळ घडण पुढे अनेक दशके टिकली. त्यामुळे एका सालचे हेड दुसऱ्या सालच्या ब्लॉकवर बसते आणि जुन्या हेडची खरेदी-विक्री तिथे जोरात चालते. टॅपेट कव्हर काढले की ओतकामाचा नंबर दिसतो. बाजार त्या नंबरावर भाव बोलतो.

सर्वांत नावाजलेला नंबर ३७८२४६१. हे १९६०च्या दशकातले हेड. त्याच्या टोकाला उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे असतात. कॉर्व्हेटसारख्या वेगवान गाडीशी नाव जोडले गेल्याने त्याचा दबदबा आहे. चेंबर सुमारे ६४ सीसीचे. दुसरे १९७०च्या दशकातले, शेवटी ८८२ आकडा असलेले. त्याचे चेंबर ७६ सीसीचे, म्हणजे ३५० इंची इंजिनावर कम्प्रेशन साधारण एका अंकाने घटते. शिवाय तडे जाण्याबद्दल ते बदनाम आहे. तिसरे १९९६पासून ट्रकच्या ५.७ लिटर इंजिनावर आलेले 'व्होर्टेक', नंबराच्या शेवटी ९०६ किंवा ०६२. याचेही चेंबर ६४ सीसीचेच, पण चेंबरचा आणि पोर्टचा आकार सुधारलेला. कंपनीतून आलेल्या स्थितीत दोन्ही तपासले, तर ट्रकचे हे साधे हेड नामांकित ४६१पेक्षा जास्त हवा आत घेते.

जुनी कॉर्व्हेट मूळ स्वरूपात उभी करायची असेल, तर ४६१ला जास्त मोजणे रास्त आहे. तिथे नंबर हाच माल. पण ज्याला फक्त ताकद हवी, त्याने नावाचे पैसे का द्यावेत?

आणि नंबर तरी किती सांगतो? एकाच ४६१ नंबराचे हेड १.९४ इंची इनटेक व्हॉल्व्हचेही आले आणि २.०२ इंचीचेही. त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे असे, म्हणून एक्झॉस्टच्या सीट कडक केलेल्या नसत. शिसेविरहित पेट्रोलवर दामटून चालवले तर सीट खचत जातात. मध्ये कोणी फेसिंग केले असेल तर चेंबर ६४ सीसीचे राहत नाही. यातले काहीही नंबरात लिहिलेले नसते.

स्वस्त हेडचाही पुरता हिशेब करावा. व्होर्टेकला इनटेक मॅनिफोल्ड वेगळे लागते, कारण जुन्याला बारा बोल्ट आणि याला आठ. मूळ स्प्रिंगवर जास्त लिफ्टचा कॅम चालत नाही. एक्झॉस्ट सीटजवळ तडेही सापडतात. हा सारा खर्च मिळवल्यावरच दोन हेडची तुलना खरी होते.

आपल्याकडे कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत इंजिनाचे भाग ओतले जातात. तिथेही नंबर साचा कोणता ते सांगतो. पुढे त्या भागावर काय काय गुजरले ते सांगत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे. जुने हेड विकणाऱ्याने तडा तपासला की नाही, फेसिंग किती झाले, व्हॉल्व्ह कोणत्या मापाचे आणि सीट नव्या की जुन्या, हे बिलावर लिहून द्यावे. घेणाऱ्यानेही हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नयेत. नंबराच्या आड ऐब लपवून एकदा नफा होईल, पण ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. ज्याच्या बिलावर माप लिहिलेले असते, त्याच्याकडे लोक दुरून येतात. आपल्या कारागीर बांधवांनी याचा जरूर विचार करावा.