युरियाची गोणी आणि गावचा उकिरडा

मृग लागला की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर, वैजापूर, सिल्लोड, कन्नड या तालुक्यांत खताच्या दुकानांपुढे रांगा लागतात. टंचाईच्या वर्षी मोर्चे निघतात, तहसीलदारांना निवेदने दिली जातात. ही मागणी रास्तच आहे. परंतु ज्या जमिनीत ती गोणी रिकामी व्हायची, त्या जमिनीच्या प्रकृतीविषयी मोर्चात एकही घोषणा ऐकू येत नाही. ही उणीव लहान नव्हे.

मराठवाड्याची काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून बनलेली, चिकण, चुनखडीयुक्त आणि बहुतांशी विम्लधर्मी आहे. तिच्यात सेंद्रिय कर्ब मुळातच कमी. अशा जमिनीवर नुसता फेकलेला युरिया पुष्कळसा अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो, आणि स्फुरद चुन्याशी बांधले जाऊन पिकाच्या मुळांना दुरापास्त होते. शेणखत वा कंपोस्ट सोबत असेल तर चित्र पालटते. त्याच्या कुजण्यातून निर्माण होणारी आम्ले बांधलेले स्फुरद काही अंशी मोकळे करतात. मातीचे कण रवाळ होऊन पाणी मुरते आणि टिकते. जस्तासारखी सूक्ष्म द्रव्येही थोडीबहुत परत येतात. कोरडवाहू शेतकऱ्याला यातील पाणी टिकण्याचा लाभ सर्वांत मोलाचा आहे.

म्हणून रासायनिक खत हे विषच होय, असे सांगत फिरणेही योग्य नव्हे. साधा हिशेब पाहावा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. शेणखतात ते शेकडा अर्ध्याच्या आसपास. म्हणजे तेवढ्या नत्रासाठी चार टन शेणखत हवे, आणि तेही सगळे एका हंगामात पिकाला मिळत नाही. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे उत्पादन घसरले, तांदूळ परदेशातून आणावा लागला आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. त्या प्रयोगाची किंमत अल्पभूधारकाने आणि अन्न विकत घेणाऱ्या मजुराने मोजली.

दोहोंचा मेळ हाच मार्ग, हे मतापुरते राहिलेले नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून काळ्या जमिनीवर ज्वारी-गहू या पीकक्रमाचा दीर्घकालीन प्रयोग चालत आला आहे. शिफारशीप्रमाणे नत्र-स्फुरद-पालाश आणि जोडीला शेणखत मिळालेल्या वाफ्यांत उत्पन्न व सेंद्रिय कर्ब दोन्ही सरस राहिले. केवळ नत्रावर ठेवलेले वाफे मागे पडत गेले.

मग शेतकरी हे करीत का नाही? त्याला अज्ञानी ठरविणे सोपे आहे, पण खरे कारण अर्थकारणात आहे. २०१० साली केंद्राने पोषणद्रव्याधारित अनुदान आणले तेव्हा युरियाला त्यातून वगळले. २०१८ साली त्याच्या ४५ किलोच्या गोणीचा दर नीमलेपन व कर वगळता २४२ रुपये ठरविण्यात आला. स्फुरद-पालाश त्यामानाने महागच राहिले. ट्रॉलीने विकत घ्यावयाच्या शेणखताला असा आधार नाही. शिवाय शेणच घटत आहे. पशुगणनेनुसार राज्यातील गोवंश २०१२ ते २०१९ या काळात सुमारे १.५५ कोटींवरून १.४ कोटींपर्यंत उतरला. ट्रॅक्टर आला, चराईची राने गेली, आणि २०१५ च्या कायद्यानंतर थकलेल्या बैलाचे मोलही उरले नाही.

त्यातही बटाईदाराचा प्रश्न वेगळा. शेणखताचा गुण तीन-चार वर्षे टिकतो. बटाई मात्र अनेकदा वर्षापुरती. पुढच्या पाडव्याला जमीन हाती राहील याची शाश्वती नसलेल्याने दुसऱ्याच्या मातीत भांडवल का पुरावे? महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरील पालापाचोळ्याचा कस पावसाबरोबर शेतात उतरत असे, याची नोंद केली, आणि जंगल खात्याने शेतकऱ्याची गुरे कशी कोंडली तेही सांगितले. मातीचा कस हा मालकीचा आणि सत्तेचाही प्रश्न आहे, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

दुसरीकडे हा कस शहरात साचतो आहे. शेतातला भाजीपाला, धान्य, चारा शहरात जातो, आणि परत येतो तो कचरा होऊन, तोही गरिबाच्या दारात. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा सारे शहर आठवडेच्या आठवडे कचऱ्यात बुडाले. मार्चमध्ये मिटमिट्यात दंगलही झाली. ओला कचरा उगमापाशीच वेगळा केला, काच व प्लॅस्टिक त्यात येऊ दिले नाही आणि तपासून घेतलेले कंपोस्ट शेतापर्यंत पोचविले, तर नारेगावचा अन्याय आणि गंगापूरच्या मातीची भूक यांवर एकच उपाय लागू पडतो.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. युरियाच्या अनुदानाला हात न लावता शेणखत व कंपोस्ट यांना टनामागे आधार मिळावा. बटाईदाराची नोंद व्हावी आणि जमीन सोडताना त्याने घातलेल्या खताचा मोबदला त्यास मिळावा. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करणाऱ्या या राज्यात नॅडेपचे खड्डे बांधणे व भरणे हे मजुरीचे काम म्हणून गावोगाव निघावे. माती-तपासणीचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा.

पुढच्या मृगात रांगेतल्या शेतकऱ्याशी बोलताना कार्यकर्त्याने गोणीची चौकशी जरूर करावी. त्याचबरोबर त्याच्या उकिरड्याचीही करावी. गोणीवर एक हंगाम निघतो, पण शेती टिकायची तर गोणीला उकिरड्याची जोड हवी.