चिठ्ठी टाकण्यापूर्वी जमिनीची खोली पाहावी

बुलढाणा जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. आठवडे बाजारात सुके झिंगे विकावयास येतात, तेवढाच काय तो येथील लोकांचा समुद्राशी संबंध. तथापि या झिंग्यांची, म्हणजे कोकणात जिला कोळंबी म्हणतात तिची, भर समुद्रात मोजदाद ज्या रीतीने केली जाते, त्या रीतीत या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हिताची एक गोष्ट आहे. नमुना चिठ्ठी टाकूनच निवडावा, परंतु चिठ्ठी टाकण्यापूर्वी क्षेत्राचे खोलीप्रमाणे भाग पाडावेत, ही ती गोष्ट होय. पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगांवर ठरत असल्याने हा प्रश्न केवळ आकडेशास्त्राचा राहिलेला नाही. तो शेतकऱ्याच्या पदरात काय पडते याचा प्रश्न झाला आहे.

समुद्रातील मोजणी

समुद्रातील कोळंबी कोणी एकेक करून मोजू शकत नाही. म्हणून जहाजामागे जाळे बांधून ते ठरावीक वेळ, ठरावीक वेगाने तळावरून ओढतात. जाळ्याच्या तोंडाची रुंदी आणि ओढलेले अंतर यांचा गुणाकार केला म्हणजे समुद्रतळाचा किती तुकडा झाडला गेला ते कळते. तेवढ्या तुकड्यात किती वजनाची कोळंबी मिळाली, त्यावरून साऱ्या क्षेत्राचा अंदाज बांधतात. शेतात दोरी लावून आखलेल्या कापणीच्या तुकड्याचे जे काम, तेच येथे जाळ्याच्या एका ओढीचे काम होय.

आता ही ओढ कोठे घ्यावयाची? कोळंबी सर्वत्र सारखी पसरलेली नसते. आपल्या किनाऱ्यावरील कोळंबीच्या अनेक जातींची पिल्ले खाड्यांत वाढतात आणि मोठी होताच खोल पाण्याकडे सरकतात; काही जाती तर शेकडो मीटर खोलीवरच राहतात. जाणता तांडेल जेथे कोळंबी हमखास मिळते तेथेच जाळे टाकील, आणि त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु त्या पकडीवरून साऱ्या समुद्राचा हिशेब केला, तर समुद्र कोळंबीने भरला आहे असे कागदावर दिसेल आणि साठा संपत आल्याचे कोणास कळणारही नाही.

यावर उपाय म्हणून सर्वेक्षणाचे क्षेत्र प्रथम खोलीप्रमाणे पट्ट्यांत विभागतात. ग्रीनलंड बेटाच्या पश्चिमेस १९८८ सालापासून कोळंबीचे असे सर्वेक्षण चालत आले आहे. तेथे सुमारे १५० ते २०० मीटर, २०० ते ३००, ३०० ते ४०० आणि ४०० ते ६०० मीटर असे खोलीचे पट्टे धरले जातात. प्रत्येक पट्ट्यात ओढीच्या जागा दैवाधीन रीतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तशा, निवडतात. मग प्रत्येक पट्ट्याच्या सरासरीस त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणून बेरीज करतात. आपल्याकडेही मुंबईस मुख्यालय असलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था १९४६ सालापासून काम करीत आली असून तिच्या जहाजांच्या पकडीच्या नोंदी खोलीच्या पट्ट्यांनुसार मांडल्या जातात.

शेत आणि समुद्र यांचे शास्त्र एकच

ही दोन कामे एकमेकांस परकी नाहीत. आपल्या देशात जे. ए. हबॅक यांनी १९२३ ते १९२५ या काळात बिहार व ओरिसात भातपिकाची कापणी दैवाधीन निवडलेल्या जागी करून उत्पन्नाचा अंदाज काढला होता. पुढे सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. व्ही. जी. पानसे यांनी कृषी संशोधन परिषदेच्या कार्यातून ही पद्धत देशभर रुजविली. याच दोघांनी के. व्ही. आर. शास्त्री यांच्यासह १९५८ साली किनाऱ्यावर उतरणाऱ्या सागरी मासळीचा अंदाज नमुना पद्धतीने कसा करावा यावर लेख प्रसिद्ध केला. गहू असो वा मासळी, जे सर्व मोजता येत नाही त्याचा खरा अंदाज निःपक्षपाती नमुन्यावाचून मिळत नाही, हे त्यांच्या कार्याचे सार आहे.

एका किलोची किंमत

महाराष्ट्रात खरीप २०२५ पासून सुधारित पीक विमा योजनेत नुकसानभरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पन्नावर आधारलेली आहे. काही पिकांच्या बाबतीत उपग्रहाच्या साह्याने काढलेल्या अंदाजासही भार दिला जातो. परंतु जमिनीवरील प्रयोगांचे महत्त्व त्यामुळे उणे होत नाही. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे महसूल मंडळ हा घटक असेल तेथे एका पिकासाठी किमान १० प्रयोग घ्यावयाचे असतात. या दहा तुकड्यांवरून मंडळातील सर्व विमाधारक शेतकऱ्यांचा निकाल लागतो.

सोयाबीनचा तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटर असतो. हेक्टरमध्ये असे २०० तुकडे मावतात. सबब तुकड्याच्या तोलात एका किलोचा फरक पडला, तर हेक्टरी दोन क्विंटलांचा फरक पडतो. दहा प्रयोगांच्या सरासरीतही तो हेक्टरी वीस किलो उरतो. दोरी ढिली बांधणे, कडेची झाडे आत ओढून घेणे, काटा न तपासणे या बारीकसारीक चुका म्हणूनच बारीकसारीक नव्हेत. तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडे आत येऊन उत्पन्न फुगते, हे डॉ. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकातच दाखवून दिले होते.

तोलाची चूक काट्यावर पकडता येते. निवडीची चूक मात्र कोठेच दिसत नाही. चिठ्ठीत निघालेले शेत दूर आहे, वाट चिखलाची आहे, म्हणून रस्त्याकडेचे शेत घेतले जाते. कधी गावकरी आग्रह धरतात की पडलेल्या पिकाचे शेत घ्यावे, म्हणजे भरपाई मिळेल. कधी दुसरी बाजू म्हणते की एवढे वाईट शेत नको. दोन्ही आग्रह सारखेच त्याज्य आहेत. निवडलेल्या गटात ते पीकच नसेल, तर पुढील गट कोणता घ्यावा याचा नियम आधीच ठरलेला असतो. त्याबाहेर जाऊन शेत बदलणे म्हणजे तांडेलाच्या हाती सर्वेक्षणाचे जाळे देणे होय.

घाटावर आणि घाटाखाली

तरीही शेतकऱ्याची एक शंका खरी आहे. चिठ्ठी प्रामाणिकपणे टाकली, तरी ती एकाच प्रकारच्या जमिनीवर पडत राहिली तर काय? बुलढाणा जिल्ह्यात ही शंका विशेष लागू पडते. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर या भागांत मुरमाड, उथळ जमिनी पुष्कळ आहेत. परंतु नाल्याकाठी भारी काळी जमीनही आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी माती आणि खारपाणपट्टा आहे. तर संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा गोटाळ, हलकी जमीन लागते. पावसाने ऐन शेंगा भरताना दडी मारली तर बरडावरचे सोयाबीन करपते आणि भारी जमिनीतील तग धरते. समुद्रात पाण्याची खोली जे ठरविते, ते येथे मातीची खोली ठरविते.

समजुतीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका मंडळात सोयाबीनचे शेकडा ६० क्षेत्र उथळ व ४० क्षेत्र खोल जमिनीत आहे. त्या वर्षी उथळ जमिनीत हेक्टरी ६ क्विंटल आणि खोल जमिनीत १२ क्विंटल उतारा आला. मंडळाची खरी सरासरी ८.४ क्विंटल झाली. उंबरठा उत्पन्न १० क्विंटल असेल, तर तूट शेकडा १६ येते आणि विमा संरक्षित रकमेच्या तेवढ्या प्रमाणात भरपाई मिळते. आता सर्व शेतांच्या एकत्र चिठ्ठ्यांतून दहा शेते निवडली आणि त्यांत उथळ तीन व खोल सात निघाली, तर सरासरी १०.२ क्विंटल दिसेल आणि भरपाई शून्य होईल. कोणीही लबाडी केलेली नाही, तरी सारे मंडळ वंचित राहिले. हा योग फार दुर्मिळही नाही. गणिताने पाहता अशा अठरा मंडळांत सुमारे एका ठिकाणी उथळ शेते तीन किंवा त्याहून कमी निघतील. उलट बाजूची चूकही होऊ शकते आणि मग तूट आहे त्याहून मोठी दिसते.

याचा उपाय निघालेली चिठ्ठी परत टाकणे हा नव्हे. चिठ्ठी टाकण्यापूर्वी उथळ व खोल अशा दोन याद्या कराव्यात आणि उथळ यादीतून सहा, खोल यादीतून चार शेते चिठ्ठीनेच काढावीत. प्रयोग दहाच राहतील, खर्च वाढणार नाही. परंतु दैवाचा सर्वांत मोठा झोल निघून जाईल. मात्र हिशेबात क्षेत्राचे प्रमाण पाळले पाहिजे. दोन्ही याद्यांतून पाच-पाच शेते घेऊन सरळ सरासरी काढली, तर वरच्याच उदाहरणात ८.४ ऐवजी ९ क्विंटल येतील. म्हणून समुद्रावर करतात त्याप्रमाणे प्रत्येक भागाच्या सरासरीस त्याच्या क्षेत्राचा भार द्यावा.

काही आक्षेप

कोणी म्हणेल की खोल जमीन नेहमीच जास्त पिकते असे नाही. हे खरे आहे. अतिवृष्टीच्या वर्षी खारपाणपट्ट्यात पाणी साचून पीक सडते आणि निचऱ्याची हलकी जमीन बाजी मारते. परंतु याद्या करताना कोणती जमीन सरस हे ठरवावयाचे नसतेच. दोन्हींना त्यांच्या क्षेत्राप्रमाणे स्थान मिळावे एवढेच पाहावयाचे असते. दुसरा आक्षेप असा की ओलित, पेरणीची तारीख, वाण यांनीही फरक पडतो. तोही खरा आहे. तथापि ही कारणे दरवर्षी बदलतात, मातीची खोली मात्र एकदा नोंदली की पुष्कळ वर्षे पुरते. म्हणून आरंभ तिच्यापासून करणे सोयीचे आहे.

तिसरा आक्षेप कामाच्या बोजाचा आहे. महसूल, ग्रामविकास व कृषी या तीन खात्यांच्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांवर हे प्रयोग वाटलेले असतात आणि त्यांच्यावर इतर कामांचाही भार आहे. परंतु खोलीची नोंद सुगीच्या धांदलीत करावयाची नाही. उन्हाळ्यात विहिरीचे काठ, नाल्याची दरड, शेततळ्याचे खोदकाम पाहून आणि शेतकऱ्यास विचारून प्रत्येक गटापुढे ‘एक फुटापर्यंत’, ‘एक ते तीन फूट’, ‘तीन फुटांहून खोल’ यांपैकी एक खूण करता येते. आपल्या शेतात मुरूम किती खाली लागतो हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असते. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या नकाशांशी ही नोंद ताडून पाहता येईल.

यादीची ही विभागणी नियमात आणणे हे शासनाचे काम आहे, आणि ते शासनाने करावे. ते होईपर्यंतही गावात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. ग्रामकार्यकर्त्याने गटांच्या खोलीची वही तयार ठेवावी. शेतकऱ्यांनी प्रयोगाच्या दिवशी शेतावर हजर राहावे. नैऋत्य कोपऱ्यापासून पावले मोजून तुकडा ठरविला जातो की नाही, दोरी ताठ आहे की नाही, काटा खरा आहे की नाही हे पाहावे. परंतु अमुकच शेत घ्या असा हट्ट धरू नये. आज आपल्या लाभासाठी फिरविलेली चिठ्ठी उद्या दुसरा कोणी आपल्या हानीसाठी फिरवील. ज्या गावात चिठ्ठीचा मान राहील आणि चिठ्ठी टाकण्यापूर्वी जमिनीचा विचार होईल, त्या गावाचा आकडा कोणासही सहजासहजी खोडून काढता येणार नाही.