शुश्रूषा करणाऱ्यांचे काय?

वऱ्हाडात प्रेम, राग, रुसवा आणि समेट हे सारे बहुधा ताटावरच व्यक्त होते. अशा घरातील पंचविशीची मुलगी किंवा तिशीतला मुलगा महिनोन्‌महिने ताट दूर सारू लागला, अथवा जेवताच न्हाणीघरात जाऊन सारे ओकून टाकू लागला, की आईला आपले अन्नच नव्हे, तर आपणच नाकारले गेलो असे वाटते. ती विनवते, मग रागावते, मग रडते. शेवटी तीही अर्धपोटी उठते. दवाखान्यात वजन मात्र केवळ रुग्णाचे होते.

आहारविकार म्हणजे श्रीमंत देशांचे आणि शहरी मुलींचे चोचले, हा समज सुशिक्षितांतही पक्का आहे. वस्तुतः अ‍ॅनोरेक्सिया हा मनोविकारांतील सर्वाधिक प्राणघातक विकारांपैकी एक गणला जातो. वरूडसारख्या गावात तो लवकर ओळखू येत नाही, कारण चतुर्थी, एकादशी, नवरात्र यांच्या आडोशाला न खाणे हे पुण्यकर्मच ठरते. उपवासाला दोष देण्याचे कारण नाही. उपवास करणारा पारण्याची वाट पाहतो; हा रुग्ण पारण्यालाच भितो. हा भेद ध्यानात येईतो वर्ष-दोन वर्षे निघून जातात, आणि मग ‘आईनेच लाडावून ठेवले’ हा निवाडा शेजारीपाजारी देऊन मोकळे होतात.

हा निवाडा वैद्यकशास्त्रानेही दिलेला आहे. या विकाराला आजचे नाव देणारे लंडनचे विल्यम गल यांनी 1873 च्या सुमारास आप्तेष्टांना शुश्रूषेच्या कामी सर्वांत अयोग्य मानले. त्याच वर्षी पॅरिसच्या लासेग यांनी घरच्यांच्या विनवण्या आणि धमक्या यांचे बारकाईने वर्णन केले. पुढे कित्येक दशके पाश्चात्त्य मानसोपचार मातेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत राहिला. भारतात मात्र डॉ. विद्या सागर यांनी 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबीयांनाच राहायला बोलावले! कुटुंब हे रोगाचे कारण नसून उपचाराचे बळ आहे, ही दृष्टी त्यामागे होती. लंडनच्या मॉड्‌स्ले रुग्णालयात 1980 च्या दशकात झालेल्या प्रयोगातही अल्पवयीन रुग्णांना कुटुंबासह दिलेल्या उपचारांचा चांगला उपयोग दिसला. प्रौढांच्या बाबतीत तितके यश आले नाही. त्यानंतर तेथील जॅनेट ट्रेझर यांनी शुश्रूषा करणाऱ्यांनाच शिकवायला घेतले. गेंड्यासारखे अंगावर धावून जाऊ नये, कांगारूसारखे पोटाशी लपवू नये, शहामृगासारखी मान वाळूत खुपसू नये, हे त्या सांगतात. ही वागणूक दोषापोटी नव्हे, भीतीपोटी येते आणि ती बदलता येते, हे कळल्यानेच कित्येक मातांच्या मनावरचा भार निम्मा उतरत असेल.

प्रौढ रुग्णाची अडचण निराळी असते. अठरा वर्षे पुरी झाली की उपचाराची संमती त्याची, गुप्तताही त्याची. हे योग्यच आहे. पण रात्रंदिवस सोबत राहणाऱ्या आईला वा पत्नीला डॉक्टर काही सांगत नाहीत, आणि घरी गेल्यावर जबाबदारी तर सारी तिचीच. यावर मानसिक आरोग्य काळजी कायदा, 2017 याने एक वाट ठेवली आहे, ती फारशी कोणाला ठाऊक नाही. रुग्ण साध्या कागदावर सही अथवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. त्या प्रतिनिधीला आपले काम करण्यापुरती माहिती देण्यास गुप्ततेची आडकाठी नाही. शिवाय याच कायद्याच्या कलम 18 मध्ये, शासनाने पुरवावयाच्या सेवांत रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवेचाही समावेश आहे. ती मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

वरूडहून मनोविकारतज्ज्ञाकडे जायचे तर बहुधा अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते. संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला असताना एक अख्खा दिवस एसटीत आणि रांगेत घालवणे कोणत्या घराला परवडते? शिक्षकाची रजा संपते, कारकुनाचा पगार कापला जातो, मजुराची रोजी बुडते. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ची 14416 ही दूरध्वनी सेवा आहे आणि तेथे कुटुंबीयांनाही बोलता येते, परंतु आवाजाने सोबत होत नाही. सोबत गावातच उभी करता येते, याचा दाखला याच अमरावती जिल्ह्यात आहे. ‘विश्राम’ या उपक्रमात 30 खेड्यांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठवले गेले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. तो उपक्रम नैराश्यापुरता होता आणि रुग्णांसाठी होता. तीच रीत शुश्रूषा करणाऱ्यांसाठी वापरायला कोणाची हरकत असावी? तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात महिन्यातून एक दुपार, चार खुर्च्या, एक शिकलेली परिचारिका आणि रुग्णाला घरी ठेवून एकट्यानेच येण्याची मुभा, एवढ्याने आरंभ होऊ शकतो.