गोष्टीच्या तासाला कोण कुठे बसणार?



मागच्या महिन्यात एका भगिनीचं पत्र आलं. त्यांचा मुलगा नगरपालिकेच्या शाळेत दुसरीत शिकतो आणि त्या स्वतः शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्य आहेत. चार घरची धुणीभांडी उरकून त्या सभेला वेळेवर जातात, हे मुद्दाम सांगण्यासारखं. शाळेत एक खोली रिकामी झाली, तिथे वाचनालय करायचं ठरलं, आणि एका कोपऱ्यात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला बैठक करायची असंही ठरलं. इथपर्यंत सगळं छान. पण सभेत सूचना आली की शाळेकडे पैसे नाहीत, तेव्हा प्रत्येक मुलाने घरून आपापलं बस्कर आणावं आणि संध्याकाळी परत न्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या या भगिनीला मात्र ते रुचलं नाही. का रुचलं नाही ते सभेत सांगता आलं नाही, तुम्ही सांगा, असं त्यांनी लिहिलं आहे.

ताई, तुमच्या मनाने जे ओळखलं ते खरं आहे. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या छोट्याशा आत्मकथनात साताऱ्याच्या शाळेची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांना वर्गात एका कोपऱ्यात वेगळं बसावं लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या तुकड्याला शिवत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. आपल्या घराघरात ही हकीकत ठाऊक आहे. तेव्हा ‘आपापलं बस्कर आणा’ हे शब्द कानावर पडले की आपल्या आईबापांच्या पोटात कालवतं, यात नवल ते काय?

सूचना करणाऱ्या गुरुजींच्या मनात तसं काही असेल असं मी म्हणत नाही. बहुधा पैशाचीच अडचण असेल. पण हेतू चांगला असला तरी परिणाम काय होतो ते बघा. एका मुलाच्या बस्करात कापूस, त्यावर हत्तीचं चित्र. दुसऱ्याच्या हातात सिमेंटच्या गोणीचा तुकडा. तिसऱ्याची आई रात्रपाळीहून आली, द्यायचं विसरली, तो फरशीवर. गोष्ट सुरू होण्याआधीच मुलांना कळून चुकतं की कोण कुठल्या घरचं. मग ‘माझ्या बस्करावर बसू नको’ हे आलंच. म्हणून बैठक एकच असावी, अखंड असावी आणि शाळेची असावी. त्यावर कुणाचं नाव नको की नंबर नको.

आता पैशाचं. अखंड बैठकीला गालिचा लागतो असं कुणी सांगितलं? आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत आल्या, तीच विद्या इथे कामाला येते. हिशेब करू. मांडी घालून बसलेल्या मुलाला साधारण २ फूट लांब, २ फूट रुंद जागा लागते. याहून कमी दिली की ढोपराला ढोपर लागून भांडणं. वाचणाऱ्या बाईंसमोर चंद्रकोरीसारख्या तीन ओळी करायच्या: पहिली बाईंपासून ३ फुटांवर, दुसरी ५ फुटांवर, तिसरी ७ फुटांवर. पहिलीत ३, दुसरीत ५, तिसरीत ७, अशी १५ मुलं बसतात. मागचं मूल पुढच्या दोघांच्या मधल्या फटीतून बघेल असं बसवायचं. एवढ्याला १४ फूट रुंद आणि १० फूट खोल जागा पुरते, आणि ती झाकायला चार मोठ्या गोधड्या. महिला मंडळाने मनावर घेतलं तर दोन आठवड्यांचं काम. प्रत्येक घरून एक जुनं लुगडं किंवा साडी आणि थोडी दुपार. कुठल्या घरचा तुकडा कुठे गेला, हे शिवून झाल्यावर शिवणारीलासुद्धा सांगता येत नाही, हा गोधडीचा मोठा गुण!

१५च मुलं का, असं विचाराल. वर्गात तर ३० असतात. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक असंच प्रमाण धरलं आहे. पण साध्या आकाराच्या पुस्तकातलं चित्र आठ फुटांपलीकडून नीट दिसत नाही, आणि अगदी बाजूला बसलेल्याला तर नुसता कागदाचा चकाकता पत्रा दिसतो. लहान मूल चित्राच्या आधाराने गोष्ट धरतं. ज्याला चित्र दिसत नाही ते पाच मिनिटांत शेजारच्याला चिमटे काढू लागतं, आणि मग ‘या मुलांचं लक्षच नसतं’ असा शेरा मिळतो. तेव्हा दोन तुकड्या करा. एक ऐकेल तेव्हा दुसरी पुस्तकं चाळेल.

आणि रांगा नकोत. सरळ रांगेत शेवटची जागा ठरलेली असते, आणि तिथे कोण जाऊन बसतं हेही ठरलेलं असतं. ज्याच्या घरी पुस्तक नाही, ज्याला बोलायची भीती वाटते, ते मूल आपण होऊन मागे सरकतं. कुणी सांगावंही लागत नाही. चंद्रकोरीत मागची ओळ असते खरी, पण ती सात फुटांवर असते, आणि बाईंची नजर तिथल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पोचते. वर एक नियम करून टाका: आज मागे बसलेले उद्या पुढे. चष्मा असलेलं किंवा कमी ऐकू येणारं मूल मात्र रोज पुढेच. ज्या मुलाला जमिनीवर बसता येत नाही त्याच्यासाठी ओळीच्या टोकाला बुटकं स्टूल ठेवा, आणि शेजारी आणखी दोन स्टुलं ठेवून त्यांवर पाळीपाळीने इतरांना बसवा, म्हणजे ते एकटं उंच दिसणार नाही. चाकाची खुर्ची असेल तर तिला ओळीतच जागा सोडायची, ओळीमागे नाही.

कोपरा निवडताना खिडकीकडे लक्ष द्या. वाचणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असली की मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि पुस्तक काळं दिसतं. पाठीमागे कोरी भिंत, उजेड बाजूने, हे उत्तम. दारापासून लांब बसा, आणि खिचडी शिजते त्या बाजूला तर मुळीच नको. वासाने कुठली गोष्ट ऐकू येते? बाईंनी खुर्चीवर बसू नये. दहा-बारा इंच उंचीचं स्टूल असलं की पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत येतं. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते, विशेषतः मुंबई-कोकणात, म्हणून गोधडीखाली प्लास्टिकची चटई हवी, आणि शनिवारी ऊन असेल तर गोधड्या वाळत घालायच्या.

इथे एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. गोधड्या अंथरणं, झटकणं, घडी घालणं, खोली झाडणं, ही कामं हजेरीपटाच्या क्रमाने सगळ्यांकडे गेली पाहिजेत. मुलगे आणि मुली दोघांकडे, आणि कुठल्या वस्तीतलं मूल आहे हे न बघता. झाडू नेहमी त्याच दोन-तीन मुलांच्या हातात दिसू लागला तर त्या दिवशी सभेची वाट बघू नका. सरळ मुख्याध्यापकांना भेटा.

पुस्तकांचं म्हणाल, तर ती कुलपात नसावीत. अनेक शाळांत पुस्तकं येतात, नोंद होते आणि कपाटात बंद होतात, कारण हरवली तर जाब द्यावा लागेल ही गुरुजींची भीती. ती भीती खोटी नाही; समितीनेच ठराव करावा की वापरून फाटलेल्या पुस्तकाबद्दल कुणालाही जबाबदार धरणार नाही. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम सांगितले, त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरासाठी आहेत. भिंतीला तीन फुटांवर सुतळी बांधा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं लावा, मुखपृष्ठ समोर. पहिलीच्या मुलाला अजून नाव वाचता येत नाही, पण वाघाचं चित्र ओळखून ते पुस्तक ओढून घेतं.

हे सगळं मागताना आपण उपकार मागतो आहोत असं समजू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत असं लिहिलेलं आहे. त्याच कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, असंही ठरवलं. म्हणजे ताई, तुमची खुर्ची कायद्याने दिलेली आहे. पुढच्या सभेत सूचना लेखी द्या आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. एक गोधडी शिवून सोबत नेलीत तर बोलायला सोपं जाईल.

शाळेने अगदीच ऐकलं नाही तर? १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी वस्तीतल्या अंगणातच शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथूनच आला. आपल्याकडे विहार आहे, रविवार आहे. गोधडी तिथेही अंथरता येईल, शेजारपाजारच्या सगळ्या मुलांना बोलावून. मात्र शाळेतली मागणी त्यासाठी सोडू नका.

पत्रात शेवटी विचारलं आहे की सासूबाईंना वाचता येत नाही, पण गोष्टी पुष्कळ येतात, त्यांना शाळेत नेऊ का? जरूर न्या. महिन्यातून एक तास आज्यांचा ठेवा. फक्त त्यांना त्या बुटक्या स्टुलावर बसवू नका, उठताना गुडघे धरतात. भिंतीला टेकता येईल अशी पाठीची खुर्ची द्या, आणि मुलांना हाताच्या अंतरावर सरकून बसायला सांगा, कारण म्हातारीचा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत पोचत नाही.