पत्ती उन्हात टांगू नका

परभणीहून रेल्वेने पूर्णेकडे निघालं की पिंगळी लागतं. अशा गावातल्या किराणा दुकानाची चौकट पाहावी: वरून खाली लोंबणाऱ्या शाम्पूच्या, वेफर्सच्या, बिस्किटांच्या लडी, आणि त्यांच्याच रांगेत चहापत्ती. काही पुड्या कंपनीच्या, काही दुकानदाराने मोठ्या पोत्यातली सुटी पत्ती पारदर्शक पिशवीत भरून, तोंड मेणबत्तीवर चिकटवून केलेल्या. दुकानाचं तोंड पश्चिमेला असेल तर दुपार कलल्यापासून दिवेलागणीपर्यंत ही लड उन्हात. गिऱ्हाइकाला माल दिसायला हवा, हे दुकानदाराचं म्हणणं रास्तच आहे. पण गिऱ्हाइकाची नजर ज्या प्लास्टिकमधून आत जाते, त्यातूनच ऊनही जातं.

आणि ऊन परभणीचं! आपण उन्हाळा पाऱ्यावर मोजतो. ४४ झालं, ४५ झालं, की पेपरात मथळा. पारा फक्त उष्णता सांगतो, अतिनील किरणांबद्दल तो मुका आहे. हा जिल्हा १९ अंश अक्षांशाच्या जरा वर, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्य माथ्यावर असला की किरणांना हवेचा थर कमी कापावा लागतो, म्हणून अतिनीलचा मारा तेव्हाच सर्वांत जास्त.

या किरणांना पत्तीत काय सापडतं? कॅटेचिन. चहाचा तुरटपणा यांचाच, आणि पाकिटांवर ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून ज्यांची जाहिरात चालते तेही हेच. कॅटेचिन अतिनील किरण स्वतः शोषतात. पण जास्त घात होतो तो आडवाटेने. पत्तीतलं हरितद्रव्य आणि रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व प्रकाश पकडतात आणि ती ऊर्जा हवेतल्या ऑक्सिजनला देतात. असा चवताळलेला ऑक्सिजन मग कॅटेचिनवर आणि पत्तीतल्या स्निग्धांशावर तुटून पडतो. कॅटेचिन झिजतात, त्यांचे तपकिरी पदार्थ होतात, स्निग्धांशाला खवट वास येऊ लागतो. उन्हात राहिलेल्या ग्रीन टीला जो विचित्र वास येतो त्यामागचं बोव्होलाइड नावाचं संयुग जपानी संशोधकांनी ओळखून काढलेलं आहे. चहातलं कॅफीन मात्र उन्हाला फारशी दाद देत नाही. म्हणूनच उतरलेल्या पत्तीचा चहा पिऊनही तरतरी येते आणि फसगत कळत नाही.

हे शास्त्र आपल्याकडच्या बायकांना वेगळ्या शब्दांत ठाऊक आहेच. शेजारची वसमत हळदीची मोठी बाजारपेठ. हळदीचा डाग साबणाने हटत नाही, कापड उन्हात टाकलं की फिका पडतो, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. तिथे हळदीतलं कुर्कुमिन तुटतं, इथे कॅटेचिन.

गंमत अशी की ही कॅटेचिन झाड तयार करतं ती बऱ्याच अंशी उन्हामुळेच. पानाला ऊन लागलं की कॅटेचिन वाढतात. अतिनील किरणांपासून स्वतःला वाचवण्याची ती झाडाची छत्री. जपानात ग्योकुरो चहासाठी खुडणीआधी साधारण वीस दिवस मळा झाकून ठेवतात, तो नेमका याच्या उलट हेतूने: कॅटेचिन कमी, थिअनीन जास्त, चहा गोडसर. पण पान जिवंत असेतोवरच ही भरपाई चालते. खुडून, भाजून, वाळवून पुडीत आलेलं पान जे गमावतं ते परत मिळवत नाही.

आता, दूध-साखर-आलं घालून उकळणाऱ्याने किती घाबरावं? फार नाही. आपण पितो तो सीटीसी चहा. १९३०च्या सुमारास आसाममध्ये निघालेल्या या पद्धतीत पान रुळांत चिरडलं जातं आणि त्यातली बहुतेक कॅटेचिन कारखान्यातच थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन होऊन जातात. रंग आणि कडकपणा यांचा. अशा चहात ऊन खातं ते मुख्यतः वास आणि धार. मग बाई दोन चमच्यांऐवजी तीन टाकते आणि ‘औंदाची पत्तीच हलकी’ म्हणते. खरा विनोद शहरात आहे. तिथे महागडी ग्रीन टी ‘अँटिऑक्सिडंटसाठी’ विकत घेतात आणि काचेच्या बरणीत, खिडकीजवळ, शोभेसाठी मांडतात. खिडकीची काच अतिनीलपैकी तीव्र किरण बरेचसे अडवते, सौम्य मात्र सोडते. दिसणारा प्रकाश तर आत येतोच, आणि रायबोफ्लेविनला निळा प्रकाशही पुरतो.

नुकसान सगळ्यांचं सारखं नसतं, हा या प्रश्नातला खरा बोचरा भाग. किरण पुडीच्या पहिल्या थरापलीकडे जात नाहीत. किलोच्या पुड्यात आतला बहुतेक माल सावलीतच राहतो. दहा रुपयांच्या चपट्या पिशवीत आत असं फारसं काही उरतच नाही, सगळे दाणे काठावर. अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पुडीला ही भीती नाही. ती आहे सुट्या पत्तीच्या पारदर्शक पिशवीला. म्हणजे जो रोजच्या मजुरीतून रोजची पत्ती नेतो, त्याच्याच वाट्याला उन्हाने चाटलेला माल. पाकिटावर ‘थंड, कोरड्या जागी ठेवा’ छापलेलं असतं. सुट्या पिशवीवर काहीच छापलेलं नसतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठात १९७६ पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पाचं हे काम: एकाच पोत्यातली पत्ती घ्यावी, एक भाग पारदर्शक पिशवीत, एक काचेच्या बरणीत, एक चांदीच्या कागदात, आणि मे महिनाभर पिंगळीच्या एखाद्या दुकानाच्या चौकटीला टांगावी. उष्णतेचा दोष उन्हावर जाऊ नये म्हणून चांदीच्या कागदातला नमुना त्याच चौकटीला, त्याच झळीत हवा. मग एकूण पॉलिफेनॉल मोजावेत आणि चार चहाबाज माणसांना कोणता कप कुठला ते न सांगता पाजावं. एक नमुना दुकानातल्या आतल्या फळीवरचाही घ्यावा, कारण लड तिथे हलवायला दुकानदाराला एक खिळा आणि पाच मिनिटं लागतात.